कुंपणाचा डांब कुजतो कुठे आणि टिकतो कशाने? खड्डा खणण्याआधी एवढं वाचाच

भात पोटरीला आलं की रानातून गवे खाली उतरतात. खानापूर, चंदगड, आजरा, दोडामार्ग, सत्तरी या सगळ्या पट्ट्यात राज्य कुठलंही असो, तक्रार एकच असते. रात्री कळप आला, कुंपणाला अंग घासलं आणि चार-पाच डांब तारेसकट आडवे झाले. सकाळी मालक बघतो तर डांब वरून धडधाकट, पण जमिनीच्या पातळीवर काडीसारखा मोडलेला. तार चांगली होती, खिळे चांगले होते. गेलं ते जमिनीलगतचं वीतभर लाकूड.

मग दरवर्षीचं चक्र सुरू होतं. पावसात तात्पुरती मेढ रोवायची, उन्हाळ्यात नवे डांब आणायचे, पुन्हा तसाच फूट-दीड फूट खड्डा काढून माती लोटायची. लाकूड, मजुरी आणि पीक, तिन्ही वाया. डांब रोवण्याची रीत थोडी बदलली तर हा खर्च बराच टळतो. हल्ली आंबोली, चोर्ला, जांबोटी भागात घरांना आणि होमस्टेंना लाकडी डेक बांधले जातात, त्यांनाही हेच नियम लागू होतात. फरक इतकाच, की तिथं डांब मोडला तर वरची माणसं खाली येतात.

जमिनीलगतच का कुजतो?

लाकूड कुजवणारी बुरशी जगायला दोन गोष्टी मागते, ओल आणि हवा. जमिनीच्या वर हवा भरपूर असते, पण ऊन-वाऱ्याने लाकूड सुकतं. जमिनीत खोल ओल असते, पण हवा कमी. दोन्ही एकत्र मिळतात ते जमिनीच्या पातळीवर आणि तिच्याखाली वीतभर. वाळवीलाही हाच पट्टा सोयीचा. मातीची नळी बांधत ती अंधारातून वर चढते आणि आतून लाकूड पोखरते.

दुर्दैव असं, की डांबावर जास्तीत जास्त ताण येतो तोही याच जागी. वर कुणी ढकललं की डांब तरफेसारखा वागतो आणि वाकण्याचा सगळा जोर जमिनीलगत एकवटतो.

इथं एक हिशेब लक्षात ठेवण्यासारखा आहे. गोल डांबाची वाकण्याविरुद्धची ताकद त्याच्या जाडीच्या घनाप्रमाणे बदलते. ८ सेंटिमीटरऐवजी १० सेंटिमीटर जाडीचा डांब घेतला तर ताकद जवळजवळ दुप्पट होते. उलट, १० सेंटिमीटरचा डांब चहूबाजूंनी फक्त एकेक सेंटिमीटर कुजला, तर राहतो ८ सेंटिमीटर, म्हणजे निम्मी ताकद गेली. बाहेरून बघणाऱ्याला मात्र 'थोडं सालपट गेलंय' एवढंच दिसतं.

वाड्याचा खांब टिकतो, शेताचा का नाही?

जुन्या वाड्यातले सागवानी खांब शंभर-दीडशे वर्षं उभे असलेले दिसतात. सागवान चांगलं, हे खरंच. पण ते खांब मातीत कधी गेलेलेच नसतात. खाली दगडी तळखडा, त्यावर खांब, वर तुळई आणि छप्पर. ओल तळखड्यापाशीच थांबते आणि पाऊस छपरावरच अडतो. तेच सागवान उघड्या शेतात मातीत गाडलं तर इतकी वर्षं काढणार नाही.

वाड्याचा खांब उभा राहतो तो वरच्या तुळयांच्या आणि छपराच्या चौकटीमुळे. कुंपणाच्या डांबाला वर धरणारं काही नाही. त्याला उभं राहायचं तर जमिनीनेच धरलं पाहिजे. म्हणून नियम साधा आहे: जिथं खांब वरून बांधलेला आहे, तिथं तो मातीला टेकवू नये. आणि जिथं मातीत गाडल्याशिवाय इलाज नाही, तिथं लाकूड, खोली आणि पाण्याचा निचरा या तिन्हींत काटकसर करू नये.

लाकूड कोणतं?

झाडाच्या बुंध्यात मधला गडद गाभा आणि भोवतीचा फिकट भाग असे दोन थर असतात. टिकाऊपणा असतो तो गाभ्यात. फिकट भाग कुठल्याही झाडाचा असो, सागाचा असो की खैराचा, मातीत तो लवकर जातो. त्यामुळे 'सागाचे डांब' म्हणून कोवळ्या झाडांचे सोट आणले तर त्यात गाभा बोटभर आणि बाकी सगळं पांढरं असतं. नावाला साग, पण जमिनीत आयुष्य आंब्याच्या जवळचं.

डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेने देशातल्या लाकडांची परीक्षा सोप्या पद्धतीने घेतली. गाभ्याच्या लाकडाचे तुकडे जमिनीत पुरायचे आणि किती महिने टिकतात ते बघायचं. त्यावरून तीन वर्ग पडले. १२० महिने किंवा त्याहून जास्त टिकणारी पहिल्या वर्गात, ६० ते १२० महिने टिकणारी दुसऱ्या वर्गात आणि ६० महिन्यांच्या आत जाणारी तिसऱ्या वर्गात. साग पहिल्या वर्गात, आंबा आणि सावर तिसऱ्या.

आपल्या भागात खैर, पक्व साग, किंजळ, ऐन किंवा मत्ती, फणस यांचा गाभा मातीत बऱ्यापैकी टिकतो. कोवळी निलगिरी, सुरू, सिल्व्हर ओक, आंबा, सावर यांना प्रक्रिया न करता जमिनीत गाडणं म्हणजे दोन-तीन पावसाळ्यांची सोय.

तोडल्यावर साल काढलीच पाहिजे. सालीखाली ओल राहते आणि किडा तिथंच घर करतो. साल काढलेले डांब दगडांवर उचलून, सावलीत, हवा खेळेल असे रचून काही महिने वाळवावेत.

डांबर, जळकं तेल, जाळलेलं टोक: कितपत खरं?

गावोगावी तीन उपाय चालतात. पहिला, टोक विस्तवावर जाळून काळं करणं. कोळशाचा थर बुरशी खात नाही हे खरं, पण तो थर पातळ असतो आणि त्याला भेगा पडतात. भेगेतून ओल आत गेली की आतलं लाकूड पूर्वीसारखंच कुजतं. शिवाय जाळताना डांब थोडा बारीक होतो तो वेगळाच.

दुसरा, डांबर फासणं. पूर्ण वाळलेल्या लाकडावर, जमिनीच्या पातळीच्या खाली-वर वीत-दीड वीत पट्टा फासला तर थोडा उपयोग होतो. ओल्या लाकडावर फासलं तर उलटंच होतं. ओल आत कोंडते आणि लाकूड आतून कुजतं.

तिसरा, गाडीचं जळकं तेल. ते लाकडात खोल जात नाही, पावसात झिरपून माती आणि विहिरीत मात्र जातं. हा उपाय सोडून दिलेला बरा.

खरं संरक्षण मिळतं ते औषध लाकडाच्या आत खोल गेल्यावर. यासाठी कारखान्यात मोठ्या टाकीत दाब देऊन तांब्याच्या क्षारांचं द्रावण लाकडात घुसवतात. या पद्धतीत जगभर वापरलं गेलेलं तांबं-क्रोमियम-आर्सेनिकचं मिश्रण डेहराडूनच्याच संस्थेत काम करणाऱ्या सोंती कामेसम या भारतीय शास्त्रज्ञाने १९३३ मध्ये शोधलं. पुढे आर्सेनिकच्या विषारीपणामुळे अनेक देशांनी घरगुती वापरावर बंधनं आणली. आता आर्सेनिकऐवजी बोरॉन असलेलं मिश्रणही वापरतात.

प्रक्रिया केलेले डांब घेतले तर तीन गोष्टी पाळाव्यात. कापलेलं टोक मातीत घालू नये, कारण कापल्यावर आतलं कोरं लाकूड उघडं पडतं. लांबी कमी करायची तर वरून कापावी. काम करताना हातमोजे आणि तोंडाला फडकं हवं. आणि उरलेले तुकडे चुलीत, बंबात किंवा शेकोटीत कधीही जाळू नयेत. त्याचा धूर आणि राख दोन्ही विषारी.

खड्डा किती खोल?

सर्वसाधारण नियम: डांबाच्या एकूण लांबीचा एक तृतीयांश भाग जमिनीत. वर पाच फूट हवा असेल तर डांब साडेसात फुटी घ्यावा आणि अडीच फूट गाडावा. कोपऱ्याचे आणि फाटकाचे डांब तीन फूट किंवा त्याहून खोल.

खोलीत कंजुषी सगळ्यात महाग पडते. डांब ढकलला की जमिनीत वरच्या भागात एका बाजूची आणि तळाशी दुसऱ्या बाजूची माती त्याला अडवते. या दोन्हींत अंतर जितकं जास्त, तितकी पकड मोठी. म्हणून खोली दीडपट केली की पकड दीडपटीपेक्षा बरीच जास्त वाढते. दीड फुटावर 'पहार लागत नाही' म्हणून सोडलेला खड्डा पुढच्या पावसात हिशेब चुकता करतो.

खड्ड्याची रुंदी डांबाच्या जाडीच्या तिप्पट ठेवावी, म्हणजे चोपायला जागा मिळते. खड्ड्याच्या भिंती उभ्या हव्यात. वर रुंद, खाली निमुळता असा खड्डा काढला तर डांबाला खाली पकड राहत नाही. ट्रॅक्टरला जोडायच्या खड्डे काढायच्या मशीनने काम झपाट्याने होतं, पण तळाची भुसभुशीत माती हाताने काढून तळ चोपून घ्यावाच लागतो.

माती बघून रीत बदला

जांभ्याच्या लाल जमिनीत, म्हणजे गोवा, दोडामार्ग, चंदगड, खानापूरचा पश्चिम भाग इथं, पाणी लवकर निचरतं. खणायला कठीण, पण डांब धरायला उत्तम. तळाशी चार-सहा इंच खडी किंवा जांभ्याचे बारीक तुकडे टाकून त्यावर डांब ठेवावा, म्हणजे टोक पाण्यात बसत नाही. मग काढलेली माती परत घालायची, पण एकदम नाही. अर्ध्या फुटाचा थर टाकायचा, धुमसाने किंवा पहारीच्या बोथट टोकाने गच्च चोपायचा, मग पुढचा थर. माती ओलसर असावी, चिखल नसावी. शेवटी खड्ड्यातून काढलेली जवळजवळ सगळी माती परत बसली आणि बाजूला मोठा ढीग उरला नाही, तर चोप नीट झाला असं समजायचं.

काळ्या जमिनीची गोष्ट निराळी. बेळगावच्या पूर्वेकडचा भाग असो, मराठवाड्याला लागून असलेला तेलंगणाचा पट्टा असो की इंदूरकडचा माळवा, काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळून आकसते. या ओढाताणीत डांब हलका होत जातो, कधी वरही उचलला जातो. इथं तीन फूट किंवा जास्त खोल जावं, तळाशी मुरूम लागला तर फारच उत्तम. भरावात काढलेली काळी माती न वापरता मुरूम आणि खडी चोपून भरावी. वरच्या चार इंचांत मात्र मातीचा थर देऊन उंचवटा करावा, नाहीतर खडीतून खड्ड्यात पाणी भरत राहील.

वेळही महत्त्वाची. दिवाळीनंतर जमिनीत थोडी ओल असते, खणायला सोपं जातं आणि चोपही चांगला बसतो. मे महिन्यात जांभा दगडासारखा होतो आणि काळी माती भेगाळलेली असते.

सिमेंट घालावं का?

सरसकट घालायची गरज नाही. मधल्या डांबांना चोपलेली माती पुरते. कोपरे, फाटक आणि वळणाच्या जागी काँक्रीट उपयोगी. एक भाग सिमेंट, दोन वाळू, चार खडी हे प्रमाण पुरेसं. एक फूट रुंद, अडीच फूट खोल खड्ड्यात तळाची अर्धा फूट खडी सोडली, तर ५० किलोच्या एका पोत्यात साधारण तीन-चार डांब होतात.

लाकडाभोवती काँक्रीट घालताना होणारी नेहमीची चूक म्हणजे तळही काँक्रीटने बंद करणं. लाकूड वाळलं की आकसतं, डांब आणि काँक्रीटमध्ये फट पडते, त्यात पावसाचं पाणी उतरतं आणि बाहेर जायला वाट नसते. डांब पेल्यात उभा राहिल्यासारखा कुजतो. म्हणून डांबाचं टोक खडीवर टेकवायचं, काँक्रीट फक्त भोवतीने ओतायचं. वरचा पृष्ठभाग जमिनीपेक्षा इंच-दोन इंच उंच आणि बाहेर उतरता करायचा. आठवडाभर पाणी मारल्याशिवाय तार ताणू नये.

कोपरा पडला की ओळ पडते

ताणलेल्या तारेचा सगळा ओढा कोपऱ्याच्या डांबावर येतो. म्हणून तिथं जाड डांब, जास्त खोली आणि तारेच्या दोन्ही दिशांना तिरपे टेके लागतात. टेका डांबाच्या उंचीच्या साधारण दोन तृतीयांशावर, तार ज्या दिशेला जाते त्याच ओळीत द्यावा आणि त्याचा पाय जमिनीत पुरलेल्या चपट्या दगडावर बसवावा.

आधी दोन्ही टोकांचे डांब पक्के करायचे, मध्ये सुतळी ताणायची आणि मग आठ ते दहा फुटांवर एकेक डांब ओळंब्यात लावत जायचं. ओळंबा दोन बाजूंनी बघावा, एका बाजूने सरळ दिसणारा डांब दुसऱ्या बाजूने कललेला असू शकतो.

तार जनावर ज्या बाजूने रेटणार त्या बाजूला ठोकावी. गवा, रानडुक्कर बाहेरून येणार, तर तार बाहेरून. मग रेटा डांबावर जातो. आतून ठोकली तर रेट्याने खिळे उपटतात.

अर्थात, डांब कितीही पक्का असला तरी गव्याचा पूर्ण कळप किंवा हत्ती लाकडी कुंपणाने थांबत नाही. २००२ पासून कर्नाटकातून दोडामार्गकडे हत्ती येऊ लागले, तेव्हापासून हा अनुभव अनेक गावांनी घेतलाय. तिथं सौर झटका कुंपण वापरतात. त्यासाठीही डांब सरळ आणि घट्ट लागतात, नाहीतर तार गवताला टेकते आणि झटका जमिनीत जातो. घरची किंवा पंपाची वीज थेट कुंपणात सोडणं मात्र गुन्हा आहे, आणि त्यात जनावराआधी घरचंच माणूस सापडण्याची भीती असते.

डेकसाठी तळखड्याचीच रीत

चार मीटर लांब, तीन मीटर रुंद डेकवर फोटोसाठी २५ माणसं उभी राहिली तर दीड टनाहून जास्त वजन येतं. खाली तीन ओळींत नऊ खांब असतील तर सगळ्यांवर सारखा भार येत नाही. एकट्या मधल्या खांबावर साधारण चौथा हिस्सा, म्हणजे कोपऱ्यातल्या खांबाच्या चौपट भार येतो. आणि अडगळीत असल्यामुळे कुजला तरी दिसत नाही तो हाच खांब.

इथं लाकूड मातीत गाडू नये. खाली काँक्रीटचा किंवा दगडाचा पाया घ्यावा, तो जमिनीच्या वर निदान वीतभर काढावा आणि त्यावर जस्त चढवलेल्या लोखंडी बुटात खांब बसवावा. तुळई खांबाच्या डोक्यावर किंवा खाच करून बसवावी, बाजूला नुसत्या खिळ्यांनी लटकवू नये. जोडाला आरपार बोल्ट हवेत. डेक छातीपेक्षा उंच असेल तर खांब आणि तुळईच्या कोनात तिरपे टेके द्यावेत, आणि त्याहून मोठं काम असेल तर इंजिनिअरला दाखवावं.

सीमा ओलांडताना

लाकडाचे नियम राज्य बदललं की बदलतात. महाराष्ट्रात १९६४ चा, कर्नाटकात १९७६ चा आणि गोव्यात १९८४ चा वृक्षतोडीसंबंधीचा कायदा लागू आहे. स्वतःच्या शेतातलं झाड असलं तरी अनेक जातींना परवानगी लागते. शेत एका राज्यात आणि घर दुसऱ्या राज्यात असलेले कित्येकजण इथं अडकतात. तोडीची परवानगी वेगळी, वाहतुकीचा पास वेगळा. कोणत्या जातीला पास लागतो याची यादी राज्यागणिक निराळी असल्याने टेंपो भरण्याआधी जवळच्या वनक्षेत्रपाल कार्यालयात विचारून घ्यावं. राज्याराज्यांतल्या वाहतुकीसाठी राष्ट्रीय ऑनलाइन पास पद्धत डिसेंबर २०२३ मध्ये देशभरासाठी सुरू झाली. वनाबाहेर लावलेला बांबू २०१७ च्या दुरुस्तीनंतर भारतीय वन कायद्यात झाड धरला जात नाही.

आणखी एक. कुंपण घातलं म्हणून हद्द ठरत नाही. शेजाऱ्याशी वाद असेल तर आधी मोजणी, मग खड्डे.

न कुजणारा डांब

कोकण-गोव्यात वईला जिवंत डांब लावायची रीत जुनीच आहे. गिरीपुष्प, पांगारा, शेवगा यांचे मनगटाएवढे सोट पावसाच्या तोंडावर लावले की मुळं धरतात. एक-दोन वर्षांनी तार पेलतात, छाटलेला पाला शेतात खताला येतो आणि जिवंत असेपर्यंत बुंधा कुजत नाही. मधल्या डांबांसाठी ही सोय उत्तम. कोपऱ्याला मात्र पक्का डांबच हवा.

दसऱ्याला एकदा बघा

वर्षातून एकदा, पाऊस ओसरल्यावर, प्रत्येक डांबाभोवतीची माती वीतभर उकरावी आणि पेचकस टोचून बघावा. सहज आत गेला तर लाकूड कुजलं. हातोडीने ठोकल्यावर भदभद आवाज आला तरी तेच. वाळवीची नळी दिसली तर मोडून औषध टाकावं. गवत, पालापाचोळा डांबाच्या बुडाशी साचू देऊ नये, त्याने ओल टिकते.

नुकताच कुजू लागलेला डांब लगेच उपटायची गरज नाही. शेजारी दगडी किंवा सिमेंटचा आखूड खांब गाडून त्याला बोल्टने जखडला तर तो आणखी काही वर्षं काढतो. हे काम दसऱ्याला अर्ध्या दिवसात होतं. श्रावणात, भर पावसात, रात्री बॅटरी घेऊन करायचं म्हटलं तर त्याच कामाला किती माणसं लागतात ते ज्यांनी केलंय त्यांना माहीत आहे.